पंख्याच्या नावेची वायरिंग

धानाचं रोवणं, म्हणजे लावणी, सुरू झाली की माझ्या दुकानात जळलेल्या तांब्याचा वास भरतो. पाऊस मधेच दडी मारतो, धानाच्या बांध्या सुकायला लागतात, लोक नाल्यातून पाणी ओढत सुटतात आणि पंपांच्या मोटारी जळतात. आरमोरीच्या आसपासच्या गावांतून त्या बंडीवर, ॲटोत, मोटारसायकलच्या मागे बांधून माझ्याकडे येतात. मी त्या उघडते, काळी पडलेली तार कापून काढते, नवी भरते. हे काम मी नवऱ्याकडून शिकले. तो जाऊन बरीच वर्षं झाली. दुकानाच्या पाटीवर अजून त्याचंच नाव आहे, पण लोक म्हणतात, मोटारवाली बाई. व्हार्निश, ग्रीस, जळकं तांबं यांची मला कधी किळस आली नाही. ते हाताला लागतं आणि साबणाने जातं.

न जाणारा वास दुसरा आहे. यंदा रोवण्याची पहिली मोटार टेबलावर आली, मी तिचं झाकण काढलं, आणि आत तसलं काही नसतानाही तो माझ्या नाकात शिरला. सडक्या अंड्यासारखा, आणि त्यात मिसळलेला चुना, सुपारी, तंबाखूचा आंबूसपणा. तो पहिल्यांदा आला त्याला पाच पावसाळे झाले. तरी दुपारचं जेवण मी तसंच झाकून ठेवलं.

आमच्या तालुक्यात नदीकाठी एक टोला आहे. पंचवीस-तीस घरं, बहुतेक गोंडांची. नदी फुगली की तिचं पाणी नाल्यात उलटं चढतं आणि टोल्याचा रस्ता दोन-अडीच महिने बुडून जातो. ते पाणी वाहत नाही, नुसतं पसरून पडलेलं असतं. पण नाला नदीला मिळतो तिथे, तोंडाशी, जबर ओढ असते. पाच वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेतून टोल्याला फायबरची एक नाव मिळाली. मागे दांडीवर लटकवलेली लहानशी मोटार, तिला पाती, आणि ती फिरवायला ट्रॅक्टरला असते तशी बॅटरी. टोल्यातले लोक तिला पंख्याची नाव म्हणायचे. चार्जर अलीकडच्या गावातल्या समाजमंदिराच्या ओसरीत भिंतीला ठोकला होता, कारण लाइन तिथवरच धड असायची.

नाव आणणाऱ्या ठेकेदाराने जोडणीचं काम माझ्या दुकानाला दिलं. दुकानात तेव्हा अकरा मोटारी उघड्या पडल्या होत्या आणि दाराशी लोक बसून होते. मी प्रमोदला पाठवलं. प्रमोद माझा दीर. नवऱ्याच्या मागे दुकान मी आणि त्यानेच ओढलं. हात चांगला, घाई फार. संध्याकाळी तो भिजून आला, ओला कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "झालं, वहिनी. चालवून दाखवलं. हार-नारळ झालं, फोटोबी झाले. फक्त शिक्का पाह्यजे."

कागदावर लिहिलं होतं, जोडणी तपासली, योग्य आहे. माझ्या एका हातात सुई होती, दुसऱ्यात व्हार्निशचा ब्रश. मी ब्रश ठेवला, शिक्का मारला, पुन्हा ब्रश उचलला. त्या सगळ्याला पाणी पिण्याइतका वेळही लागला नाही.

दोनेक आठवड्यांनी सकाळी फोन आला. शिक्क्यावर दुकानाचा नंबर असतो.

"बाई, मी सोमा बोलून राह्यलो, नावेवाला. तुमचा शिक्का हाये ना या कागदावर?"

"हो, हाये."

"मंग या इथी. पाहा तुमी काय करून ठेवलं तं."

त्याच्या आवाजात राग असता तर मी बहुधा प्रमोदलाच पाठवलं असतं. राग नव्हता. माणूस मेलेल्या जनावराबद्दल बोलतो तसं तो बोलत होता. प्रमोद कुरखेड्याकडे एक मोटार बसवायला गेला होता. मी मीटर, पक्कड, वायरीची गुंडाळी पिशवीत टाकली आणि बस धरली.

सोमाभाऊ ढिवर. साठीचा असेल, लाकडासारखे खांदे, डोक्याला मळका दुपट्टा. त्याने मला पाणीही विचारलं नाही. समाजमंदिराच्या ओसरीच्या पायरीवर बसून आधी सगळं सांगितलं.

टोल्यात जैवंता नावाची बाई, सिकलची, रक्तातली बिमारी असलेली. तिचं दुखणं उठलं. सिकलचं दुखणं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते सांगून कळत नाही. हाडांच्या आतून कोणी कुटतंय असं माणूस ओरडतं. टोल्यावर लस द्यायला गेलेली सिस्टर तिथेच होती. तिने तिला नावेत निजवलं, दवाखान्यात न्यायला.

"हिरवा दिवा पाहूनच बॅटरी आनली होती, बाई," सोमाभाऊ म्हणाला. "हिरवा झाला म्हंजे भरली, असं तुमचाच मानूस सांगून गेला होता. मधात गेलो न् पंखा हळू झाला. मंग बंदच. नाव चाल्ली तोंडाकडं. जैवंता वरडून राह्यली, सिस्टर रडून राह्यली. मी बसाची फळी उपटली. सिस्टरनं लसीच्या डब्याचं झाकन घेतलं. झाकनानं पानी मारत होती बिचारी."

"वल्हे नव्हते?"

"वल्हे कोनी दिलेच नाई. पंख्याच्या नावेले वल्हे कायले, म्हने." तो थुंकला. "बेशरमच्या झुडपात अटकलो म्हनून वाचलो. तिथी आमी खूप वेळ पडून होतो. माझा भाचा डोंगा घेऊन आला तवा निंगलो."

"अन् जैवंता?"

"दवाखान्यात हाये. जिती हाये." मग उठला. "चला, पाहा आता."

चार्जरवर हिरवा दिवा लागला होता. स्वच्छ, टपोरा हिरवा. बाकी त्या ओसरीत हिरवं आणि स्वच्छ असं काही नव्हतं. दिवसभर तिथे पत्ते कुटायला बसणाऱ्यांनी भिंतीवर हात पोचेल तिथवर खर्रा, घोटलेली सुपारी-तंबाखू, थुंकला होता, आणि चार्जरच्या हवेच्या फटीही सोडल्या नव्हत्या. लाल-तपकिरी ओघळ आत शिरून वाळले होते. मी झाकण काढलं तर आत एक वाळकी पाल, झुरळांची अंडी आणि थुंकीने चिकटलेली धूळ. मी पदर नाकाला लावला. जवळच दोघं तोंडात तोबरा भरून उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "चार्जरच खराब असन, बाई. चायना माल हाये." बोलताना त्याच्या ओठांतून ओघळ आला, तो त्याने मनगटाने पुसला आणि तेच मनगट भिंतीला पुसलं.

बॅटरी त्याहून वाईट होती. दोन्ही टोकांवर हिरवट-पांढरी साय आली होती, फुगलेली, बुरशी चढल्यासारखी. बुचं उघडली आणि तो सडक्या अंड्याचा भपका तोंडावर आला. आत पट्ट्या अर्ध्या उघड्या पडल्या होत्या. उरलेलं पाणी तांबूस होतं.

"यात पानी कोनतं टाकलं?"

"हापशीचं," सोमाभाऊ म्हणाला. "कोनतं टाकाचं होतं? कोनी सांगतलं आमाले?"

कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या हापशीचं पाणी गंजाळ. त्याने भांडी लाल होतात, पोरांचे दात पिवळे होतात, आणि तेच पाणी बॅटरीच्या पोटात गेलं होतं.

मी मीटर लावला. चार्जरच्या तोंडाशी आकडा बरोबर होता, चौदाच्या वर. म्हणजे एवढी घाण पोटात घेऊनही चार्जर आपलं काम करत होता. मग बॅटरीच्या टोकाशी लावला. तिथे बारा आणि थोडं. मधल्या आठ-दहा हात वायरीत दोन व्होल्ट मरत होते. मला तिथेच सगळं कळलं. वायरीत कुठे अडथळा असला की चार्जरला वाटतं बॅटरी भरली, तो हात आखडता घेतो आणि हिरवा दिवा लावून मोकळा होतो. बॅटरी मात्र अर्धीही भरलेली नसते. दिवा आपल्या परीने खरं तेच सांगत होता. त्याच्यापर्यंत खरं पोचतच नव्हतं.

मी वायर चिमटीत धरून बोटं सरकवत गेले. खिडकीच्या गजाजवळ एक गाठ लागली. तिच्यावर टेप नव्हता, प्लॅस्टिकची पातळ पन्नी गुंडाळलेली होती, वर सुतळी बांधलेली. बोटांना ती चिकट लागली. सुतळी कापली, पन्नी उलगडली.

खर्रा घोटायची पन्नी होती ती. वापरलेली. आतल्या बाजूला सुपारीचा चुरा, चुना, तंबाखूचे दोन-चार तुकडे तसेच चिकटून होते. पावसाचं पाणी आत जाऊन त्याचा लगदा झाला होता. आणि त्या लगद्यात दोन वायरींची टोकं नुसती हाताने पिळलेली. तांबं हिरवं पडून भुसभुशीत झालेलं. मी बोट लावलं तर त्याचा भुगा पन्नीत पडला.

मला उलटी आली. खरोखर आली, ओसरीच्या कडेला जाऊन मी ओकले. तोबरावाले हसले. सोमाभाऊने पहिल्यांदा मला पाण्याचा गडवा आणून दिला.

नावेवर गेलो. मोटारीच्या वायरीवर तशीच गाठ, तशीच पन्नी. इथे करंट जास्त, म्हणून ती वितळून वायरीवर थिजली होती. वायर घरातल्या दिव्या-पंख्याला वापरतात तसली, केसासारखी. फ्यूजच्या जागी तारेचा एक धागा आडवा टाकलेला. पिळ्याची ढब मला ओळखायला वेळ लागला नाही. डावीकडून तीन वेढे आणि शेवटी टोक मागे दुमडलेलं. ती ढब माझ्या नवऱ्याची. त्याने ती प्रमोदला शिकवली होती, आणि मलाही.

मी चिखलात उकिडवी बसून राहिले. इतका वेळ मी थुंकणाऱ्यांचा तिटकारा करत होते, ठेकेदाराला मनातल्या मनात शिव्या देत होते. आता माझा शिक्का मारणारा उजवा हात मला माझ्या अंगावर नकोसा झाला. पदराने तो पुसत राहिले, पण पदरालाही तोच लगदा लागलेला.

"सोमाभाऊ, हे माझ्या दुकानाचं काम हाये. माझ्या दिरानं केलं. म्या पाह्यल्याशिवाय शिक्का मारला."

तो नदीकडे बघत होता. "ते मले फोनवरच समजलं. तुमी बोल्ल्या, बरं झालं. पन बाई, पह्यले येऊन पाह्यलं असतं तं?"

मी ओसरीतली पन्नी कागदात गुंडाळून पिशवीत टाकली.

त्या दिवशी मी परत आले आणि दुसऱ्या सकाळी दुकानातली आमची स्वतःची बॅटरी घेऊन पुन्हा गेले. जुनी वायर पूर्ण कापून टाकली. बोटाएवढी जाड केबल घातली, टोकांना थिंबल, म्हणजे तांब्याच्या टोप्या, दाबून बसवले, वर झाळलं, टेप ओढला. बॅटरीच्या अगदी जवळ नीट फ्यूज बसवला. चार्जर पुसून, थुंकी खरवडून आत खोलीत हलवला. सोमाभाऊने त्याला कुलूप लावलं. मग नाव करंजाच्या झाडाला दोराने बांधली आणि मोटार पुऱ्या जोरात चालू करून अर्धा तास ठेवली. पाणी मागे उसळत होतं, नाव दोर ताणत होती, आणि मी एकेका जोडावर तळहात ठेवून बघत होते, तापतो का. एकही तापला नाही.

"झालं," मी म्हणाले.

"नाई झालं," सोमाभाऊ म्हणाला. "बसा."

मला पोहता येत नाही. मी बसले. त्याने नाव थेट पाण्याच्या मधोमध नेली, तिथून तोंडाच्या बाजूला, जिथे बेशरमची झुडपं पाण्यात बुडून हलत होती, आणि तिथे मुद्दाम पंखा बंद केला. नाव हळूच वळली आणि ओढीला लागली. मी दोन्ही हातांनी काठ धरला. मला जेवढं कळायला हवं तेवढं कळलं असं त्याला वाटलं असेल तेव्हा त्याने पुन्हा बटण दाबलं.

प्रमोद संध्याकाळी दुकानात आला. मी कागदात गुंडाळून आणलेली पन्नी टेबलावर उघडली.

त्याने बघितलं आणि मान खाली घातली. "टेप संपला होता, वहिनी. थिंबल तं त्यायनं आनलेच नोयते. फोटोवाले घाई करून राह्यले होते, पानी येऊन राह्यलं होतं. म्या म्हटलं, मंग येऊन बरोबर करतो."

"मले सांगतलं काऊन नाई?"

तो पक्कड पुसत राहिला. मग एकदम म्हणाला, "तुमी इचारलं काऊन नाई?"

हे वाक्य मला त्या पन्नीपेक्षा घाण वाटलं, कारण ते खरं होतं. मी त्याला दुकानातून जायला सांगितलं. नवऱ्याचा भाऊ, वीस वर्षं माझ्या हातचं जेवलेला. तो आपली पक्कड आणि टेस्टर घेऊन गेला. महिन्याभराने रस्त्याच्या पलीकडे त्याचं दुकान उघडलं.

जैवंता दवाखान्यातून आली, पण त्या वर्षी रोवण्याला वाकू शकली नाही. ती अजून डाव्या पायाने लंगडते. सिकलमध्ये खुबा असाही जातो, त्या उशिराशी त्याचा संबंध लावता येत नाही, असं डॉक्टर सिस्टरला म्हणाले. मी लावते. बाजाराच्या दिवशी ती मोहाची टोळी, तेलाच्या बिया, घेऊन बसते, मला हाक मारते, आणि पुड्यात मूठभर जास्त घालते. तिला सगळं माहीत आहे, मीच सांगितलं. तरी ती जास्तीची मूठ मी कधी तेलाला घातली नाही.

पाच वर्षं मी प्रमोदशी बोलले नाही. त्याच्या दुकानासमोर गर्दी वाढत गेली, माझ्याकडची कमी झाली, कारण मी आता न बघता कशावरच शिक्का मारत नाही, आणि लोकांना तेवढा दम नसतो. ती गर्दी बघून मी मनात म्हणायचे, घाणीवर माश्या बसतातच. रोज म्हणायचे. त्यात एक सुख होतं.

यंदा दुसऱ्या एका गावाला तशीच नाव आली. ठेकेदाराचा माणूस आधी माझ्याकडे आला. मी म्हटलं, काम मी करीन, पण नाव चालवून बघेपर्यंत कागदाला हात लावणार नाही. तो हसला आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला. पाच-सहा दिवसांनी ऐकलं, जोडणी झाली, हार-नारळ झाले.

मी दुकान बंद करून त्या गावची बस धरली. का, ते तेव्हा स्वतःला असं सांगितलं, की तिथल्या माणसांना सावध करायचं. घाटावर एक तरुण नावाडी होता. "कोनी बसाच्या आधी मले बॅटरीचा डबा खोलून पाहू द्या," मी म्हणाले. तो गोंधळला, पण बाजूला झाला. मी पदर नाकाला लावला, पेचकसाने झाकण उचकटलं.

आत जाड केबल होती. थिंबल दाबून, झाळून बसवलेले. टोकांवर ग्रीसचा पातळ हात. फ्यूज जागेवर, आणि त्याच्याशेजारी एक जादा फ्यूज पिशवीत बांधून ठेवलेला. डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवला होता, प्रमोदच्या तिरक्या अक्षरात: हापशीचं पाणी टाकू नये. नावेत दोन वल्ही होती. मीटर लावला, दोन्हीकडे आकडा सारखा. मी प्रत्येक जोड ओढून पाहिला, वास घेऊन पाहिला. नव्या रबराचा वास होता.

मला आनंद व्हायला हवा होता. माझा चेहरा उतरला. नावाड्याने विचारलं, "काय झालं, बाई? खराब हाये का?" मी म्हटलं, नाही, चांगलं आहे. आणि तेव्हा मला कळलं की मी इतक्या लांब घाण शोधायला आले होते, आणि ती सापडली नाही म्हणून खट्टू झाले होते. परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बाया ओळीने वाकून धान रोवत होत्या. मला स्वतःची जेवढी शिसारी त्या ओल्या पन्नीसमोर आली नव्हती तेवढी त्या कोरड्या सीटवर आली.

आरमोरीला उतरले ती सरळ रस्ता ओलांडून प्रमोदच्या दुकानात गेले. गिऱ्हाईकं बाजूला झाली. तो खाली बसून गुंडाळी भरत होता. केस पिकले होते, ते मी रस्त्यापलीकडून पाहिलेच नव्हते.

"नाव पाहून आली," मी म्हणाले.

त्याचा हात थांबला. "खोलून पाह्यलं?"

"खोलून पाह्यलं. चांगलं केलं." मग तेवढ्यावर सोडवेना. "मले वाटलं होतं, घान करून ठेवली असन तू."

त्याने तार दाताने तोडली, टोक मागे दुमडलं. "तुमच्या जागी मी असतो तं मलेबी तेच वाटलं असतं, वहिनी."

बाहेर कोणीतरी बंडीवरून मोटार उतरवत होतं.

"उद्या अजून एक नाव जोडाची हाये," तो तारेकडे बघत म्हणाला. "म्या जोडतो. पन पाह्याले दुसरं मानूस पाह्यजे."

मी विचारलं, "बस कितीची हाये?"